पेशंटच्या शुश्रूषेची गरज मोजून वॉर्डला किती सिस्टर लागतात हे कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा: ३० खाटांच्या मेडिकल वॉर्डमध्ये सकाळी चार, दुपारी तीन आणि रात्री दोन सिस्टर असतात (सिस्टर म्हणजे इथे ब्रदरही आले). प्रशासनाच्या मते खाटांच्या हिशोबाने एवढा स्टाफ पुरेसा आहे, वॉर्डच्या मते काम उरकत नाही. पेशंटची प्रतवारी करणारं कोणतं साधन वापरावं आणि त्यातून सिस्टरांची संख्या कशी काढावी?

साधन फक्त गुण देतं, सिस्टरांची संख्या देत नाही. त्या गुणांचं माणसांत रूपांतर तुमच्याच वॉर्डमध्ये, तिथे काम करणाऱ्यांकडूनच करून घ्यावं लागतं. परदेशी तक्त्यातला गुणक (एका पेशंटमागे किती पदं हा आकडा) जसाच्या तसा लावला की आकडा येतो, पण पहिल्याच बैठकीत कुणी त्यावर बोट ठेवलं की त्याचा बचाव करता येत नाही.

खाटांच्या प्रमाणाचं काय? इंडियन नर्सिंग कौन्सिलचं सर्वसाधारण वॉर्डसाठीचं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, वर ३० टक्के रजा-राखीव. पदं मंजूर करून घ्यायला ते लागतंच, ते सोडू नका. पण खाटेवर कोण आहे हे त्याला कळत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रॉबर्ट कॉनर यांनी १९६०च्या सुमारास हेच मोजलं होतं. पेशंटचे तीन गट केले: स्वतःचं स्वतः करणारे, थोडी मदत लागणारे आणि पूर्ण अवलंबून असलेले. दिवसभरात प्रत्यक्ष पेशंटजवळ जाणारा वेळ सरासरीने अनुक्रमे अर्धा तास, एक तास आणि अडीच तास निघाला. म्हणजे वॉर्डचा भार पेशंटच्या संख्येपेक्षा तिसऱ्या गटात किती जण आहेत यावर जास्त ठरतो, आणि ती संख्या सेन्ससच्या (रोजच्या पेशंटमोजणीच्या) आकड्यात दिसत नाही. २८ पेशंटचा एक दिवस आणि २८ पेशंटचा दुसरा दिवस यांत दुपटीचा फरक असू शकतो.

एक गल्लत फार आढळते, ती आधीच दूर करू. न्यूज (नाडी, श्वास, बीपी वगैरेंचा), अपाचे (आयसीयूतल्या आजाराच्या तीव्रतेचा), ग्लासगो (शुद्धीचा), ब्रेडन (बेडसोअरच्या धोक्याचा) हे स्कोअर शुश्रूषेचा भार मोजत नाहीत. ते आजाराची तीव्रता किंवा एखादा धोका मोजतात. पंच्याहत्तरीचे एक आजोबा, नाडी-बीपी-सॅच्युरेशन उत्तम, पण डिमेन्शियामुळे नेहमीच गोंधळलेले. कॅथेटर ओढतात, रात्री तीनदा खाटेवरून उतरतात, घास भरवावा लागतो. त्यांचा न्यूज शून्य किंवा एक येईल आणि रात्रपाळीचा निम्मा वेळ त्यांच्याजवळच जाईल. उलट सहा तासांनी अँटिबायोटिक आणि बाकी नुसतं लक्ष ठेवणं, असा न्यूमोनियाचा तरुण पेशंट स्कोअरने वर असूनही सिस्टरचा त्यामानाने कमी वेळ घेतो. भार मोजायचा तर त्यासाठीच बनवलेलं साधन हवं.

अशी साधनं ढोबळमानाने दोन जातींची असतात. पहिल्या जातीत पेशंटचं एकूण चित्र पाहून त्याला एका गटात टाकतात. ब्रिटनचं सेफर नर्सिंग केअर टूल या जातीचं. त्याच्या २०१३च्या आवृत्तीत ०, १अ, १ब, २, ३ अशा पातळ्या होत्या. १अ म्हणजे प्रकृती अस्थिर किंवा बिघडण्याची शक्यता, १ब म्हणजे प्रकृती स्थिर पण रोजच्या बहुतेक सगळ्या क्रियांसाठी नर्सवर अवलंबून. प्रौढ वॉर्डसाठी त्या आवृत्तीतले गुणक ०.९९, १.३९, १.७२, १.९७ आणि ५.९६ असे. वापरायला सोपं आहे, दहा मिनिटांत वॉर्ड होतो. १ब ला १अ पेक्षा जास्त वजन दिलंय हे विशेष लक्षात घ्या: अवलंबून असलेला स्थिर पेशंट अस्थिर पण चालत्या-फिरत्या पेशंटपेक्षा जास्त माणसं मागतो.

पण गुणक उचलू नका, असं का म्हणतोय ते याच उदाहरणात दिसेल. २८ पेशंटपैकी १० जण पातळी ० चे, ९ जण १अ, ८ जण १ब आणि एक पातळी २ चा असं धरा. हिशोब येतो ९.९० + १२.५१ + १३.७६ + १.९७ = ३८.१४ पूर्णवेळ पदं. या आकड्यात ब्रिटनमधले साडेसदतीस तासांचे आठवडे आहेत, रजा-प्रशिक्षणासाठी २२ टक्के वाढ आहे आणि नोंदणीकृत नर्सबरोबर मदतनीस कर्मचारीही मोजलेले आहेत. आपल्याकडे आठवडा वेगळा, मावशी आणि वॉर्डबॉय वेगळ्या आस्थापनेवर, बरेचदा कंत्राटी. ३८ चा कागद घेऊन अधीक्षकांकडे गेलात तर तुमचं खरं म्हणणंही त्याच्याबरोबर बाजूला पडेल. पातळ्यांच्या व्याख्या जरूर वापरा, गुणक नको.

दुसऱ्या जातीत काळजीचे वेगवेगळे भाग पाडून प्रत्येकाला गुण देतात आणि बेरीज करतात. मेडिकल वॉर्डसाठी फिनलंडच्या राफाएला पद्धतीची चौकट घ्यावी असं माझं मत आहे, कारण गुणांपासून माणसांपर्यंतचा दुवा त्या पद्धतीतच बांधलेला आहे. तिचे तीन भाग आहेत: औलू प्रतवारी, रोज हजर सिस्टरांची नोंद आणि पाओन्सिल नावाची छोटी प्रश्नावली. ही सगळी पद्धत परवान्याने मिळते, म्हणून तिचे छापील फॉर्म झेरॉक्स करू नका. पण तत्त्व प्रसिद्ध आहे आणि त्यावरून स्वतःची पुस्तिका बनवता येते.

औलू प्रतवारीत सहा क्षेत्रं आहेत: काळजीचं नियोजन आणि समन्वय; श्वसन, रक्ताभिसरण आणि आजाराची लक्षणं; आहार आणि औषधं; स्वच्छता आणि मलमूत्र विसर्जन; हालचाल, झोप, विश्रांती; आणि शिकवणं, डिस्चार्जनंतरचं मार्गदर्शन, मानसिक आधार. प्रत्येक क्षेत्राला अ, ब, क, ड म्हणजे १ ते ४ गुण. एका पेशंटचे कमीत कमी ६, जास्तीत जास्त २४. बेरजेवरून पाच वर्ग: ६–८, ९–१२, १३–१५, १६–२० आणि २१–२४.

खरी मेहनत अ ते ड च्या व्याख्या लिहिण्यात आहे. ‘थोडी मदत’, ‘जास्त मदत’ असं लिहिलंत तर दोन सिस्टर दोन वेगळे गुण देणारच. प्रत्येक अक्षराला डोळ्यांना दिसेल आणि केस पेपरवर सापडेल असं काहीतरी जोडा. स्वच्छतेचं क्षेत्र घ्या. अ: बाथरूमला स्वतः जातो. ब: उठवून न्यावं लागतं किंवा पॉट द्यावा लागतो, बाकी स्वतः. क: खाटेवर स्पंजिंग, डायपर किंवा कॅथेटर, एका व्यक्तीची मदत पाळीत दोन-तीनदा. ड: दोन माणसांशिवाय कूस बदलता येत नाही, किंवा वारंवार जुलाब, किंवा बेडसोअरचं ड्रेसिंग असल्यामुळे दर वेळी पूर्ण सफाई. आहार-औषधांत: अ म्हणजे स्वतः जेवतो आणि तोंडी गोळ्या; ड म्हणजे दोन-दोन तासांनी रायल्स ट्यूबने (नाकातल्या नळीने) फीड, शिवाय पंपावर इन्सुलिन आणि तासाला शुगर. सहावं क्षेत्र सगळ्यात अवघड. तिथे ‘धीर दिला’ असं न लिहिता कृती लिहा: नव्या मधुमेहीला इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतः टोचायला शिकवून त्याच्याकडून करून घेतलं, नातेवाइकांना वाईट बातमीनंतर बसून समजावलं, घरी ट्यूब फीड कसं द्यायचं ते दाखवलं.

गुण दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, मागच्या २४ तासांसाठी द्यायचे. दुपारच्या ओव्हरच्या (पाळी सोपवण्याच्या) आधीची वेळ सोयीची पडते. गुण देणारी व्यक्ती त्या पेशंटला प्रत्यक्ष पाहिलेली सिस्टर असावी. इनचार्जने ऑफिसात बसून सगळ्या वॉर्डचे गुण भरले तर तो तक्ता फेकून द्या. सवय झाली की एका पेशंटला एक ते दोन मिनिटं लागतात. त्याहून जास्त लागत असतील तर व्याख्या लांबलचक झाल्यात.

आता आपल्या वॉर्डांतली सगळ्यात मोठी अडचण. भरवणं, पॉट देणं, कूस बदलणं, पेशंटला एक्स-रेला ढकलत नेणं, ही कामं आपल्याकडे नातेवाईक करतात. सिस्टरने केलेल्या कामावरून गुण दिले तर पक्षाघाताच्या पेशंटलाही स्वच्छतेत ‘ब’ मिळतो, कारण मुलगी सगळं करत असते. मग कागदावर गरज कमी दिसते, कमी गरजेवर कमी स्टाफ मंजूर होतो, आणि नातेवाइकांवरचा भार कायमचा होतो. म्हणून नियम असा ठेवा: गुण पेशंटच्या गरजेचे, ती कुणी भागवली याचे नाहीत. शेजारी दोन छोटे रकाने जोडा, ‘नातेवाइकाने केलं’ आणि ‘राहून गेलं’. मूळ फिनिश पद्धतीत हे नाहीत. तिथे प्रत्यक्ष दिलेली काळजी हाच आधार आहे. स्टाफ बऱ्यापैकी असेल तिथे गरज आणि दिलेली काळजी यांत फार अंतर पडत नाही. आपल्याकडे पडतं, आणि ते अंतर नोंदलं नाही तर साधन टंचाईलाच प्रमाणपत्र देतं. दर दोन तासांनी पोझिशन बदलायची होती आणि रात्री एकदाच बदलली, तर गुण ‘ड’ आणि ‘राहून गेलं’ वर टिक.

गुण वापरण्याआधी ते विश्वासार्ह आहेत का हे तपासायला हवं, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जागी गाळला जातो. दोन सिस्टरांनी त्याच पेशंटना, त्याच दिवशी, एकमेकींशी न बोलता गुण द्यायचे. दुसरी सिस्टर शेजारच्या वॉर्डची असली तर उत्तम. राफाएलात किमान ७० टक्के एकमत लागतं. ३० पेशंट आणि सहा क्षेत्रं म्हणजे १८० जोड्या. समजा १३३ जुळल्या, तर ७३.९ टक्के. पास झालो, असं म्हणून थांबू नका. क्षेत्रवार पाहा. पाच क्षेत्रांत १५० पैकी ११९ जुळल्या आणि सहाव्यात ३० पैकी १४, असं असेल तर सहावं क्षेत्र ४७ टक्क्यांवर आहे आणि त्याची व्याख्या नव्याने लिहायला हवी. शिवाय वॉर्डमधल्या बहुतेकांना ‘ब’ च मिळत असेल तर नुसत्या योगायोगानेही एकमत जास्त दिसतं, म्हणून ‘कप्पा’ (योगायोगाचा भाग वगळून एकमत मोजणारा सांख्यिकीतला आकडा) हाही काढा. न जुळलेल्या पेशंटवर दोघींना एकत्र बसवून बोलायला लावणं हेच सगळ्यात चांगलं प्रशिक्षण. वर्गातल्या व्याख्यानापेक्षा त्या अर्ध्या तासात जास्त सुधारणा होते.

मग माणसांचा दुवा, म्हणजे पाओन्सिल. पाळी संपताना प्रत्येक सिस्टरने उणे ३ ते अधिक ३ या पट्टीवर एक खूण करायची: ० म्हणजे सगळ्या पेशंटना जशी काळजी द्यायला हवी तशी देता आली, अधिक ३ म्हणजे भार अतोनात, उणे ३ म्हणजे हात रिकामे. खाली एक ओळ कारणासाठी, कारण कधी भार पेशंटचा नसून बंद पडलेल्या लिफ्टचा असतो. पूर्ण चार आठवडे हे चालवा. रोज २४ तासांचे एकूण गुण भागिले त्या २४ तासांत प्रत्यक्ष पेशंटकडे असलेल्या सिस्टर, हा एक आकडा. त्या दिवसाच्या खुणांची सरासरी हा दुसरा. एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्टने सरळ रेषा काढा आणि ती शून्याला कुठे छेदते ते पाहा. तो तुमच्या वॉर्डचा इष्टतम भार. त्याच्या खाली-वर १५ टक्के हा चालण्याजोगा पट्टा मानतात.

नमुना म्हणून आकडे घेऊ. रेषा आली: खूण = ०.१२ × दर सिस्टरमागे गुण, उणे ३.६. शून्यासाठी ३० गुण. पट्टा २५.५ ते ३४.५. वॉर्डमध्ये २८ पेशंट, सरासरी १२ गुण, एकूण ३३६. आज २४ तासांत नऊ सिस्टर, म्हणजे प्रत्येकीमागे ३७.३. पट्ट्याच्या वर. इष्टतमाला ३३६ ÷ ३० = ११.२ पाळ्या लागतात (एका सिस्टरची एक ड्युटी म्हणजे एक पाळी). वरच्या टोकालाही ९.७. म्हणजे दहाव्या सिस्टरशिवाय हा वॉर्ड कोणत्याही मापाने बसत नाही. हे ‘फार काम आहे’ यापेक्षा वेगळं विधान आहे, आणि याला उत्तर द्यावं लागतं.

रेषा किती विश्वासाची हे एक्सेलच्याच आरएसक्यूवरून कळतं (० ते १ मधला आकडा, जितका मोठा तितके बिंदू रेषेला धरून). किमान ०.२५ तरी हवा. कमी आला तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं: गुण विश्वासार्ह नाहीत, खुणा गप्पा मारत एकत्र भरल्या गेल्या, किंवा महिनाभर भार जवळपास सारखाच होता आणि रेषेला पसाराच मिळाला नाही. तिसरं कारण आपल्याकडे नेहमीचं. रोज अधिक २ च्या आसपास खुणा असतील तर शून्याचा छेदबिंदू तुमच्या माहितीच्या बाहेर, अंदाजाच्या प्रदेशात जातो. त्यावर उपाय म्हणजे मोजणीच्या काळात हलके दिवस मुद्दाम समाविष्ट करणं: दिवाळीचा आठवडा, जेव्हा वॉर्ड निम्मा रिकामा होतो, किंवा काही दिवस एक-दोन सिस्टर जादा देणं. जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) विद्यार्थिनींना जादा सिस्टर म्हणून मोजू नका.

मोजणीचा काळ हाही वादाचा मुद्दा. ब्रिटिश साधनाच्या २०१३च्या आवृत्तीची किमान शिफारस २० दिवसांची होती. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांना मात्र असं आढळलं की बहुतेक वॉर्डांत एका पदाच्या आत-बाहेर अचूकता हवी असेल तर त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. आपल्याकडे ऋतूचा फरक मोठा. पावसाळ्यातला डेंगी-लेप्टोचा वॉर्ड आणि फेब्रुवारीतला वॉर्ड एक नव्हेत. दोन्ही मोजा.

पाळ्यांवरून पदांकडे जाताना फक्त रोस्टर बघा. साप्ताहिक सुट्ट्या, नाइटनंतरचे ऑफ, रजा, प्रसूती रजा, ट्रेनिंग हे सगळं वजा करून एका सिस्टरचे वर्षात प्रत्यक्ष किती ड्युटीचे दिवस होतात ते मागच्या वर्षाच्या हजेरीवरून काढा. समजा २६५ आले. ११.२ × ३६५ = ४,०८८ पाळ्या; भागिले २६५ म्हणजे १५.४ पदं. इनचार्ज यात धरू नका.

आयसीयूसाठी मात्र वेगळं साधन हवं. नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर, म्हणजे नॅस, २००३ साली प्रसिद्ध झाला. २३ बाबी, आणि बेरीज म्हणजे २४ तासांत एका नर्सच्या वेळेचे टक्के. १०० म्हणजे प्रत्येक पाळीत एक पूर्ण नर्स, म्हणून एक गुण १४.४ मिनिटांचा. आठ खाटांची बेरीज ५२० आली तर प्रत्येक पाळीत ५.२ नर्स, दिवसाला १५.६ पाळ्या. अनेक जण दर पाळीला स्कोअर भरून तिन्हींची बेरीज करतात, मग आकडा तिप्पट होतो. पर्यायी अ, ब, क बाबींत एकच निवडायची असते, हेही विसरलं जातं.

नॅसमध्येही गरज आणि दिलेली काळजी हा घोळ आहेच. व्हेंटिलेटर, एक व्हॅसोप्रेसर (बीपी टिकवणारं औषध), ट्यूब फीड, ड्रेन, युरिन आउटपुट, दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पोझिशन बदलणं, नेहमीच्या तपासण्या-औषधं, असा पेशंट घ्या. देखरेखीच्या बाबीत ‘एखाद्या पाळीत दोन तास किंवा जास्त खाटेजवळ’ याचे १२.१ धरले तर बेरीज ६५.६ येते. नुसत्या तासाच्या नोंदींचे ४.५ धरले तर ५८.०, चार तास किंवा जास्तचे १९.६ धरले तर ७३.१. त्याच पेशंटमागे सुमारे साडेतीन तासांचा फरक. जिथे एका सिस्टरकडे तीन व्हेंटिलेटर आहेत तिथे कुणीच कुणाजवळ चार तास थांबू शकत नाही, म्हणून सगळे ४.५ लिहितात आणि स्कोअर म्हणतो स्टाफ ठीक आहे. इथेही ‘राहून गेलं’ चा रकाना हवाच.

आणखी काही गोष्टी बिघडतात. रात्री बाराचा सेन्सस धरला तर सकाळी डिस्चार्ज आणि दुपारी नवीन ॲडमिशन अशी खाट एकच पेशंट दाखवते, काम मात्र दोघांचं झालेलं असतं. जर्मनीत १९९३ पासून वापरलेल्या नियमात म्हणूनच दर नव्या ॲडमिशनमागे ७० मिनिटं वेगळी धरलेली होती. तुम्ही २४ तासांत वॉर्डमधून गेलेल्या प्रत्येक पेशंटला गुण द्या, चार तास थांबलेल्यालाही. इंडेंट (सामानाची मागणी), औषधांचा हिशोब, विमा कंपनीची कागदपत्रं यांत जाणारा वेळ गुणांत येत नाही; एक आठवडा तो वेगळा मोजला की कळतं, यातलं किती क्लार्ककडे जाऊ शकतं. आणि गुणांवर माणसं मिळतात हे कळल्यावर गुण हळूहळू फुगतात. त्यासाठी महिन्यातून एकदा दुसऱ्या वॉर्डच्या सिस्टरने दहा केस पेपर काढून पाहावेत: क आणि ड ला नोंदींचा आधार आहे का? नसेल तर गुण खाली आणा. याने चिडचिड होते, पण तक्त्याची पत टिकते.

प्रशासनापुढे महिन्याची सरासरी ठेवू नका, तिच्यात वाईट दिवस बुडतात. किती दिवस पट्ट्याच्या वर होते, सलग किती, आणि त्या दिवशी काय काय राहून गेलं हे ठेवा. जोडीला फिनलंडचा २०१८ सालचा अभ्यास सांगा: चार रुग्णालयांतले ३६ विभाग, राफाएलाचेच गुण, भार इष्टतमाच्या वर गेलेल्या दिवसांत पेशंटच्या सुरक्षेला बाधा आणणाऱ्या घटनांचे ऑड्स (घडण्या-न घडण्याचं प्रमाण) १.२४ पट आणि मृत्यूचे १.४३ पट. निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे भारामुळेच मृत्यू झाले असं त्यावरून म्हणू नका. पण एवढा संबंध दिसत असताना भार न मोजणं समर्थनीय नाही, हे ठामपणे म्हणता येतं.

जादा पद मिळेपर्यंतही गुण कामाचे आहेत. दुपारी गुण भरून झाले की शेजारच्या दोन वॉर्डांचे दर सिस्टरमागचे आकडे समोर ठेवून संध्याकाळची एक सिस्टर कुठे पाठवायची हे मेट्रनला ठरवता येतं. आत पाळीतली वाटणीही खाटांच्या रांगेने न करता गुणांच्या बेरजेने करा: सात-सात पेशंट वाटण्यापेक्षा ८४-८४ गुण. वॉर्डमध्ये येणाऱ्या पेशंटचं स्वरूप बदललं, पाळ्यांचे तास बदलले किंवा नवा विभाग जोडला गेला की पाओन्सिलची मोजणी पुन्हा करायची, जुना ३० चा आकडा तेव्हा चालत नाही. एकमताची तपासणी मात्र काही बदललं नाही तरी दरवर्षी.